रान बदलत राहा, पोरी

बंगळुरच्या शिवाजीनगरातल्या तुझ्या शाळेत मेंढरं ठेवायची म्हणतेस, तर आधी जागा मोज. दहा गुंठे गवत असेल तर तीन मेंढ्या, त्याहून जास्त नकोत. एकटी मेंढी आणू नको, ती कळपाविना झुरते. मेंढा नकोच, तो पोरांना ढुशा देतो. तिकडची आखूड पायांची बन्नूर मेंढी घे. आपल्या फलटणच्या निंबकरांच्या संस्थेची नारी सुवर्णा गुणाची खरी, पण तिचा गुण जुळी देण्याचा, मेंढ्याविना तो वाया जाईल.

आता रान. दहा तुकडे पाड. वाघरीची जाळी लावून एका तुकड्यात तीन-चार दिवस चरू दे, मग पुढच्यात ने. चरलेल्या तुकड्यावर महिनाभर मेंढराचा पाय पडू देऊ नको. हे मुलांनाही समजावून सांग. लेंड्यांतून जंतांची अंडी पडतात. उबदार ओलीत आठवड्याभरात अळ्या होऊन गवतावर चढतात. त्याआधी मेंढरं हलली पाहिजेत आणि बऱ्याचशा अळ्या मरेपर्यंत परतायला नकोत. आपले मेंढपाळांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडाला माघारी येतात. एकाच रानात बसून राहिलेलं मेंढरू टिकत नाही, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. बंगळुरात मे महिन्यात वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठा पाऊस, त्या दिवसांत तर फारच जप. चार बोटं गवत उरलं की हलव, दिवस भरले नसले तरी. अळ्या बुडख्याशी जास्त असतात. सकाळी दव वाळल्यावरच सोड.

दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून बघ. लालबुंद असेल तर औषध देऊ नको. फिकट पांढरी दिसली किंवा जबड्याखाली सूज आली, तर लगेच डॉक्टर. सरसकट सगळ्यांना औषध पाजत राहिलीस तर जंत औषधाला दाद देईनासे होतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घे.

शाळांच्या कुंपणाला हौसेने कण्हेर आणि घाणेरी लावलेली असते. दोन्ही विषारी. कण्हेरीची छाटलेली फांदीसुद्धा आवारात पडू देऊ नको. वाळली तरी विष जात नाही. गाईचं खनिज मिश्रणही घालू नको. त्यातलं तांबं मेंढीला बाधतं. मेंढीचं म्हणून वेगळं माग.

गवत कमी पडेल, तेव्हा संध्याकाळी वरून पाला घाल. तुतीचा मिळाला तर उत्तम. रसेल मार्केटातून भाजीचा पाला आणशील, तर सुतळी, रबर, प्लास्टिक हाताने निवडून काढ. कोबी-फ्लॉवरचा थोडाच घाल, पोट फुगतं. रात्री भिंतीआड, दाराला कडी लावून कोंड. मोकाट कुत्र्यांपुढे नुसत्या वाघरीचा भरवसा नाही.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना कोण बघणार, ते माणूस आधी पक्कं कर. मेंढरं त्यानंतर आण.