फ्लेक्सवरचे सात बँड

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी मी जो क्लास लावला, त्याच्या फ्लेक्सवर माझा फोटो आहे. खाली ठळक अक्षरांत ‘७ बँड’. त्या सातांचा मला कवडीचा उपयोग झाला नाही, हे मात्र तिथं लिहिलेलं नाही.

मी स्टाफ नर्स. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग या तिन्हींत ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतात. माझे आले ७.५, ७, ७ आणि रायटिंगला ६. सरासरी ६.८७५, ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, म्हणून ओव्हरऑल ७. अर्ज तिथंच अडला. क्लासच्या सरांना भेटायला गेले तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, “सात आलेत ना सिस्टर, आता आणखी काय पाहिजे?” नर्सेसची खास बॅच म्हणून जादा फी घेणाऱ्याला नर्सेसची अट ठाऊक नसावी?

घरी येऊन निबंधांची वही काढली. नाइट ड्यूटी करून, सकाळी न झोपता लिहिलेले निबंध. प्रत्येकाखाली लाल पेनानं ‘गुड. इम्प्रूव्ह व्होकॅब्युलरी.’ बॅचमधल्या मैत्रिणीला तिच्या वहीचे फोटो पाठवायला सांगितले. तिच्याही प्रत्येक निबंधाखाली तेच, तसंच. एक निबंध मी वॉर्डातून फोन आला म्हणून अर्ध्या वाक्यावर सोडला होता. त्याच्याखालीही ‘गुड’. आमचं एक अक्षरही कुणी वाचलं नव्हतं! त्या वहीकडे बघताना अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून शमलेला नाही.

वर पाठांतर. विषय कुठलाही असो, सुरुवातीचा आणि शेवटचा परिच्छेद ठरलेला. परीक्षकांचे निकष इंटरनेटवर फुकट मिळतात, ते मी नंतर वाचले: प्रश्नाला धरून उत्तर, मुद्द्यांची सांगड, शब्दसंपदा, व्याकरण. पाठ केलेला मजकूर तिथं दोषातच मोजलाय.

म्हणून फी भरण्याआधी तपासलेला निबंध दाखवा म्हणावं. कुठं चुकलं आणि का चुकलं, हे त्यात लिहिलेलं दिसलं पाहिजे. रायटिंगला एकूण एक तास असतो. पहिला टास्क किमान १५० शब्दांचा, दुसरा २५०, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. आमच्या क्लासात निम्म्याहून जास्त तास आलेखांवर, म्हणजे पहिल्यावरच गेले. दुसऱ्याला चाळीस मिनिटं राखून ठेवा. रीडिंगमध्ये उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, सापडलं की लगेच भरा. बाकी रोज इंग्रजी वाचा, बातम्या ऐका, आदल्या रात्री नीट झोपा.

नर्सेसनी ओईटीचीही चौकशी करावी. कौन्सिलला ती परीक्षाही चालते. तिथं रायटिंगमध्ये केस नोट्सवरून पत्र लिहायचं असतं. रोज हँडओव्हर देणाऱ्या आपल्यासारखीला ते परकं नाही. सरांनी तिचं नाव कधी काढलं नाही, कारण तिचा क्लास त्यांच्याकडे नव्हता. ठरावीक मुदतीत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरायची सोयही कौन्सिलकडे आहे. तिच्या अटी त्यांच्या वेबसाइटवर स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नका.

आणि बँड थोडक्यात हुकला तर फेरतपासणी मागता येते. मुदत सहा आठवड्यांची, बँड वाढला तर भरलेले पैसे परत. मी विचारलं तेव्हा सर “बघू, बघू” म्हणत राहिले आणि ती मुदत उलटून गेली.