फोटोतली वस्तू आणि हातातली वस्तू



हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. कांकण हातात आहे, डोळ्यांना दिसते आहे, मग आरसा कशाला हवा? पण कांकण बीदरच्या कारागिराकडे आणि घेणारी बाई पुण्यात, असे असेल तर आरसा लागतोच. आज तो आरसा म्हणजे फोटो. आरसा खरा असेल तर व्यवहार होतो. एकदा का तो खोटा ठरला की गिऱ्हाईक पुन्हा त्या दारात उभे राहत नाही.

आपल्या संतपूर परिसरात अनेक घरांत छोटा-मोठा व्यवसाय चालतो. कुणाच्या घरी पापड-शेवया होतात, कुणी शिलाई करते, कुणाची डाळ आहे, कुणाचे किराणा दुकान. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीचे असे. “अमक्याच्या घरची डाळ आहे ना, मग बघायला नको,” एवढे बोलणे पुरे होई. आता मालाचा फोटो मोबाइलवरून उदगीर, हैदराबाद, पुण्यापर्यंत जातो आणि ज्याने आपल्याला कधी पाहिलेले नाही तो माणूस पैसे पाठवायचे की नाही हे त्या फोटोवरून ठरवतो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे : बिदरी काम.

बिदरी वस्तू कशी होते?

फोटो काढण्याआधी वस्तू समजून घ्यावी लागते. बिदरीची वस्तू जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणातून ओततात. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे प्रमाण असते. साच्याच्या मातीत एरंडेल तेल आणि राळ मिसळतात. ओतलेली वस्तू कानसेने घासून गुळगुळीत केली की तिच्यावर मोरचुदाचे पाणी लावतात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि कोरलेली रेघ डोळ्यांना नीट दिसते. मग कारागीर टोकदार हत्याराने हातानेच नक्षी काढतो, छिन्नीने तिच्या खाचा करतो आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. पुन्हा घासकाम होते. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तो लेप तापवलेल्या वस्तूवर लावतात. जस्ताचा भाग काळाभोर होतो. चांदीवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, ती पांढरी शुभ्र राहते. मग वस्तूला तेल चोळले की काम पुरे झाले.

२००६ साली बिदरी कामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०११ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात कर्नाटकाचा चित्ररथ बिदरी कलेवर होता. २०२३ साली बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. एवढा मान असला तरी दूरच्या गिऱ्हाइकाची अडचण उरतेच. साध्या धातूला काळा रंग देऊन वर रुपेरी नक्षी रंगवली, तर मोबाइलच्या लहान पडद्यावर ती वस्तू आणि खरी बिदरी यांत फरक दिसत नाही. नकली वस्तू स्वस्तात विकता येते. मग गिऱ्हाईक खऱ्या कारागिरालाच विचारते, “तुमचीच एवढी महाग का?” त्या प्रश्नाला फोटोने उत्तर दिले नाही, तर अनेक दिवसांच्या मेहनतीला रंगाच्या डब्याचा भाव येतो.

विश्वास आधी कमवावा लागतो

फोटो काढणाऱ्यांनाही एके काळी लोकांचा विश्वास मिळवावा लागला होता. बीदर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे नामांकित छायाचित्रकार होते. घरंदाज स्त्रिया पडद्यात राहत, परपुरुषासमोर फोटोला बसणे त्यांना शक्य नव्हते. दीनदयाळांनी ही अडचण ओळखली आणि १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ काढला. तेथे फोटो काढण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे सोपवले होते. गिऱ्हाइकाला कशाची भीती वाटते हे आधी ओळखायचे आणि मग त्या भीतीचे कारणच काढून टाकायचे, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वी ते गोध्रा आणि बडोदा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करत. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, आयुष्य कमी होते, असा समज त्या काळी पसरल्यामुळे बडोद्यात त्यांचा धंदा चालला नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. अंगी कला होती, यंत्रही होते, पण लोकांचा भरवसा नव्हता. भरवशाशिवाय दुकान चालत नाही, मग विकणारा कितीही गुणी असो.

चांगला फोटो म्हणजे खरा फोटो

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुढील गोष्टींना महाग कॅमेरा लागत नाही, साधा मोबाइल पुरतो.

१. काळा रंग काळाच दिसू द्या. समोर येणारे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून कॅमेरा प्रकाश ठरवतो. काळी वस्तू समोर आली की त्याला उजेड कमी वाटतो, तो प्रकाश वाढवतो आणि बिदरीचा काळाभोर रंग राखाडी दिसतो. पांढऱ्या कापडाच्या बाबतीत उलटे होते, ते मळकट दिसते. म्हणून पडद्यावर वस्तूला बोट लावावे आणि शेजारी उमटणारी खूण सरकवून उजेड कमी-जास्त करावा. वस्तू शेजारी ठेवून पडद्याशी ताडून पाहावी.

२. उजेड मऊ घ्या. चांदीवर थेट ऊन पडले तर ती चकाकते आणि नक्षी दिसेनाशी होते. खिडकीजवळ किंवा ओसरीच्या सावलीत फोटो घ्यावा. ऊन येत असेल तर मध्ये पांढरे पातळ धोतर धरावे. उजेड बाजूने, थोडा तिरपा आला की तार खाचेत बसवली आहे की वरून नुसती रंगवली आहे, हे दिसून येते.

३. पिवळा दिवा टाळा. पिवळ्या बल्बखाली चांदी पितळेसारखी दिसते. गिऱ्हाइकाला पितळ वाटले तर भाव पडतो, आणि पितळेला चांदी समजून त्याने घेतले तर भांडण होते. दिवसाचा उजेड सगळ्यांत बरा.

४. माप दाखवा. निदान एका फोटोत वस्तूजवळ फूटपट्टी ठेवावी. फार जवळून फोटो काढला तर पुढचा भाग फुगलेला आणि मागचा आक्रसलेला दिसतो. चार पावले मागे सरून मग चित्र मोठे करावे.

५. वजन दाखवा. येथे विज्ञानाच्या तासाचा उपयोग होतो. जस्ताची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.१ ग्रॅम आहे, अल्युमिनियमची २.७. म्हणजे जस्ताची जी वस्तू ५०० ग्रॅम भरते, तंतोतंत तशीच वस्तू अल्युमिनियमची केली तर ती सुमारे १९० ग्रॅमच भरेल. तराजूवर ठेवलेल्या वस्तूचा, आकडा स्पष्ट दिसणारा फोटो शंभर शब्दांचे काम करतो.

६. मागची बाजू आणि तळ दाखवा. पुढून सगळेच सुंदर दाखवतात. ज्याने तळही दाखवला त्याने काही लपवलेले नाही, असे गिऱ्हाईक मनात धरते. हाताच्या कामात कुठे बारीक खोट राहिली असेल तर तीही दाखवावी आणि खाली लिहावी. पार्सल उघडल्यावर दिसलेली खोट म्हणजे फसवणूक वाटते, आधी सांगितलेली खोट म्हणजे प्रामाणिकपणा.

७. काम चालू असतानाचे फोटो ठेवा. ओतलेली ओबडधोबड वस्तू, मोरचुदानंतरची नक्षी, खाचेत बसणारी तार, मातीचा लेप. रंगाने फसवणाऱ्याकडे हे टप्पे नसतात, म्हणून हे फोटो खऱ्या कारागिराच्या कामी येतात. मात्र कारागिराचा चेहरा दाखवण्याआधी त्याला विचारावे. तो हो म्हणाला तर त्याचे नावही लिहावे. ज्याचे हात राबले त्याचे नाव मालाबरोबर जावे, हे आम्हाला न्यायाचे वाटते.

८. हीच वस्तू की अशी वस्तू, ते स्पष्ट लिहा. हाताने केलेल्या दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात. फोटोतली वस्तू विकली गेली असेल तर “याच प्रकारची दुसरी मिळेल” असे लिहावे आणि पाठवण्यापूर्वी त्या दुसऱ्या वस्तूचा फोटो पाठवावा.

डाळीचेही असेच

बिदरीचे नियम घरच्या मालालाही लागू पडतात. आपल्या भागातली तूर घ्या. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्याच्या तूरडाळीला २०१९ साली ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावाने भौगोलिक निर्देशांक मिळाला. समजा, एखाद्या घरची डाळ पॉलिश न केलेली आहे. ती थोडी फिकट आणि निस्तेज दिसते. मुलाने मोबाइलवर फोटोचा रंग वाढवून ती पिवळीधमक केली. त्याला वाटले, आता छान दिसते. पण मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची भेसळ डाळीत होते हे जाणती गृहिणी ओळखून असते. तो पिवळाधमक रंग पाहून तिला पहिली शंका त्याचीच येईल! म्हणजे चांगल्या मालाला फोटोनेच बदनाम केले. त्यापेक्षा डाळ तळहातावर घेऊन, दिवसाच्या उजेडात, आहे तशी दाखवावी आणि “पॉलिश केलेली नाही म्हणून चमक कमी” असे खाली लिहावे.

उसना फोटो

दुसऱ्याचा देखणा फोटो उचलून आपल्या मालावर लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. यात दोन चुका आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवरही हक्क असतो, तो परवानगीशिवाय वापरता येत नाही. आणि तो फोटो आपल्या मालाचा नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली ती खोटी साक्ष आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. त्याखालील २०२० च्या ई-व्यापार नियमांत विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळली पाहिजे, असे म्हटले आहे. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाची स्तुती लिहायची नाही, हेही त्यात आहे.

आता तर संगणकाला सांगितले की तो नसलेल्या वस्तूचेही हुबेहूब चित्र तयार करून देतो. त्यामुळे नुसत्या सुंदर फोटोचे मोल घटले आहे. फूटपट्टी, तराजू, तळ, कामाचे टप्पे आणि कारागिराचे हात यांचे मोल वाढले आहे, कारण ते सारे एकमेकांशी जुळलेले दाखवणे खोटे बोलणाऱ्याला जड जाते. शिवाय गिऱ्हाईक म्हणाले, “आत्ता फोन करून वस्तू दाखवा,” तर खऱ्याला घाबरायचे कारण नाही.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी

घरच्या व्यवसायाचे फोटो बहुतेक ठिकाणी मुलेच काढतात. त्यांना “छान काढ” एवढेच न सांगता “आहे तसे काढ” असे सांगावे. मुलगा घरात जे पाहतो तेच उद्या धंद्यात करतो. मुलांचे स्वतःचे फोटो मात्र मालाच्या जाहिरातीत घालण्याआधी दोनदा विचार करावा. आणि शाळेने एक पांढरे कापड, एक फूटपट्टी व एक छोटा वजनकाटा एवढे साहित्य कार्यानुभवाच्या तासासाठी ठेवले, तर खर्च थोडा आणि उपयोग सगळ्या गावाला होईल, असे आम्ही विश्वस्त मंडळाला सुचवतो.

उपक्रम

१. घरातली एक काळी आणि एक पांढरी वस्तू घ्या. दोन्हींचे फोटो कॅमेऱ्याच्या मर्जीने एकदा आणि स्वतः उजेड बदलून एकदा काढा. कोणता फोटो वस्तूशी जुळतो?

२. एक स्टीलची वाटी भर उन्हात, सावलीत आणि पिवळ्या दिव्याखाली ठेवून तीन फोटो काढा. फरक वहीत लिहा.

३. घरच्या किंवा शेजारच्या व्यवसायातल्या एका वस्तूचे पाच फोटो काढा : पुढून, मागून, तळ, मापासह, वजनासह. खाली तीन ओळी लिहा, त्यांतली एक ओळ वस्तूच्या उणिवेबद्दल असावी.

४. ते फोटो त्या वस्तूला न पाहिलेल्या मित्राला दाखवा. त्याने वस्तूचा आकार, वजन आणि रंग यांचा अंदाज सांगावा. मग वस्तू त्याच्या हातात द्या. अंदाज चुकला असेल तर कोणता फोटो कमी पडला ते शोधा आणि तो पुन्हा काढा.