‘शेड्यूल’ : एका शब्दाची कुळकथा

वर्षारंभी परीक्षांचे ‘शेड्यूल’ शाळेत येते. शाळेच्या जनरल रजिस्टरात काही नावांपुढे ‘अनुसूचित जाती’ किंवा ‘अनुसूचित जमाती’ अशी नोंद असते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच इंग्रजी शब्द आहे.

या शब्दाचा उगम ग्रीक भाषेत आहे. ‘चिरणे, फाडणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून चिरफळीचा वाचक शब्द बनला. हा धातू आणि संस्कृतातील ‘छिद्’ हे सगोत्र होत. म्हणजे मराठीतील छेद व छिन्न हे शब्द ‘शेड्यूल’चे दूरचे भाऊबंदच ठरतात. लॅटिनमध्ये ‘स्केदा’ म्हणजे पपायरसचे पान आणि ‘स्केदुला’ म्हणजे त्याचे चिटोरे. फ्रेंचमार्गे हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘लिहिलेली चिठ्ठी’ एवढाच होता.

पुढे मुख्य दस्तऐवजास तपशिलाचा कागद जोडला जाऊ लागला व त्यासही हेच नाव मिळाले. अशा रीतीने चिठ्ठीचे जोडपत्र झाले आणि जोडपत्राची यादी झाली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील रेल्वेने गाड्यांच्या वेळांच्या यादीस हा शब्द लावला. कामाच्या नियोजनाचा आज रूढ असलेला अर्थ त्यातूनच आला. उच्चारात इंग्लंडमध्ये आरंभी ‘श’ येतो, तर अमेरिकेत ‘स्क’. मराठीने पहिला स्वीकारला.

कायद्याच्या भाषेत मात्र जोडपत्राचा जुना अर्थ टिकून राहिला. त्यासाठी ‘अनुसूची’, म्हणजे मागून जोडलेली सूची, हा प्रतिशब्द योजण्यात आला. 1950 साली भारतीय संविधानास 8 अनुसूची होत्या. आज 12 आहेत. आठवीत प्रारंभी 14 भाषा होत्या, आता 22 आहेत; मराठी पहिल्यापासून आहे. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय असून त्यांत प्राथमिक शिक्षणाचाही समावेश आहे.

‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा 1935 च्या भारत सरकार कायद्यातून रूढ झाली व 1936 च्या आदेशाने त्यांची यादी निघाली. संविधानाच्या 341 व 342 या अनुच्छेदांनुसार 1950 मध्ये राष्ट्रपतींनी जातींच्या व जमातींच्या स्वतंत्र याद्या आदेशान्वये जाहीर केल्या.

एखादा विद्यार्थी ‘अनुसूचित म्हणजे काय?’ असे विचारील, तेव्हा शिक्षकाने उत्तर टाळू नये व आवाजही खाली आणू नये. या शब्दात उच्च-नीचतेचा लवलेश नाही. ‘यादीत नोंदलेला’ एवढाच त्याचा अर्थ. अस्पृश्यतेने ज्यांना शाळेच्या दारापासून दूर ठेवले, त्यांच्या हक्कांचे रक्षण व्हावे म्हणून पहिली यादी झाली, हे सोप्या शब्दांत सांगावे. उत्तर देताना त्या विद्यार्थ्याकडे किंवा अन्य कोणाकडे बोट दाखवू नये.

वरच्या वर्गांत हा पाठ कृतीने घेता येईल. कागदाच्या तीन चिठ्ठ्या फाडाव्यात. पहिलीवर निरोप, दुसरीवर वर्गातील वस्तूंची यादी व तिसरीवर दिवसाच्या तासांचा क्रम मुलांकडून लिहवून घ्यावा. शब्दाच्या अर्थाचा सारा प्रवास त्या तीन चिठ्ठ्यांतून मुलांच्या हाती येईल. मग फळ्यावर ‘अनुसूचित’ हा शब्द लिहून त्याची फोड करावी. अर्थ उमगला म्हणजे तो शब्द उच्चारताना कोणाही मुलाची मान खाली जाणार नाही.