पूर्वपक्ष आणि श्रोता : ‘ख्रिस्तपुराणा’तील धर्मशिक्षणाचा एक विचार

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे मुद्रित झाले. त्याच्या भाषेची आणि ओवीची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. मात्र नवख्रिस्ती प्रौढांच्या धर्मशिक्षणाचा ग्रंथ म्हणून त्याची घडण तितकीशी तपासली गेलेली नाही. १५९९ च्या जेझुइट अभ्यासक्रमाने ईशज्ञानाच्या अध्यापनासाठी थॉमस अक्विनास यांना प्रमाण मानले. स्टीफन्स याच संघाचे होते. तेव्हा मध्ययुगीन स्कोलास्टिक परंपरेचे या पुराणात काय झाले, हा प्रश्न उपस्थित होतो.

अक्विनास यांची पद्धती भारतीय वाचकास अपरिचित वाटू नये. ‘सुम्मा थिओलॉजिए’त प्रश्न मांडून प्रथम आक्षेप दिले जातात, नंतर सिद्धांत आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाचे निरसन येते. आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांचेच हे नाते होय. ईश्वराच्या अस्तित्वाविषयीच्या प्रकरणात पहिलाच आक्षेप असा की, ईश्वर अनंत मंगल असेल तर अमंगलाला जागाच उरू नये. परंतु जगात अमंगल आहे. आक्षेप दुबळा करून मांडलेला नाही, हे विशेष. नवशिक्यांसाठी म्हणून लिहिलेल्या ग्रंथात हे धैर्य दिसते.

स्टीफन्स यांच्यासमोर शास्त्राचा हा तयार साचा होता. त्यांनी निवडला मात्र पुराणाचा. त्यांच्या ग्रंथातही श्रोता प्रश्न करतो, पाद्री उत्तर देतो. पण तो श्रोता शिष्य आहे, प्रतिपक्षी नव्हे. अमंगलाचा उगम येथे देवदूतांच्या व आदामाच्या पतनाच्या कथेतून उलगडतो. सिद्धांत तोच, पण युक्तिवादाची जागा आख्यानाने घेतली आहे. प्रार्थनामंदिरात मोठ्याने वाचावयाच्या ग्रंथाला हे सोयीचे होते, यात शंका नाही; ऐकणाऱ्याच्या स्मरणात कथा जितकी राहते तितके निरसन राहत नाही.

केवळ सोय हे कारण मात्र पुरेसे वाटत नाही. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होते. अशा ठिकाणी सभेत आक्षेप पूर्ण बळाने उच्चारणे कोणाला परवडले असते? (एकनाथी भागवताच्या श्रोत्याला ही धास्ती नव्हती.) त्यामुळे ‘ख्रिस्तपुराणा’ने स्कोलास्टिक ईशज्ञानाचा आशय मराठीत आणला, तरी त्यातील पूर्वपक्षाचा स्वतंत्र आवाज मागेच राहिला. साष्टीतील प्रौढ श्रोत्याला उत्तरे मिळाली. त्याच्या मनातील मूळ आक्षेप कोणता होता, हे त्या हजारो ओव्यांतून शोधावे लागते.