मोठी जाऊ हिंदीत का बोलली?

प्रश्न : मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते. आमची ही इथली तिसरी पिढी. शाळा हिंदीतून झाली, मराठी घरापुरती. दिवाळी अंकांमुळे कथांची गोडी लागली आणि गेली दोन वर्षं स्वतः लिहून पाहते आहे. वहीत सात कथा आहेत, सातही अर्धवट. पहिली अडचण भाषेची. आमच्याकडे ‘पाऊस येतोय’, ‘मला नाही माहीत होतं’ असं बोलतात. ते तसंच लिहिलं तर चुकल्यासारखं वाटतं, आणि सुधारलं की पात्रं पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसारखी बोलायला लागतात. दुसरी अडचण, दोन पानं झाली की कथा थांबते. कथालेखकाला काही सवयी मुद्दाम लावून घ्याव्या लागतात का? की हे सगळं उपजतच असावं लागतं?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो जुना आहे. ना. सी. फडक्यांनी 1931 साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कादंबरी-कथेचं तंत्र मांडलं, तेव्हापासून मराठीत यावर वाद चालू आहे. तंत्र शिकून लेखक होता येतं का, की तंत्राने कथेचा जीव जातो? मला या वादात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. गवयाला रियाज विचारला तर कुणाला नवल वाटत नाही. लेखकाने मात्र सकाळी उठून थेट मैफलच गायची, अशी आपली अपेक्षा असते. उपजत काही असलंच तर ती ओढ, आणि सात अर्धवट कथा लिहिणाऱ्या माणसाजवळ ती आहेच. बाकीचं सरावाने येतं.

आता भाषा. तुम्ही जिला अडचण म्हणता ती इंदुरात राहून लिहिणाऱ्याची कमाई आहे. याच माळव्यातलं मुक्तिबोधांचं घर पाहा. घरची भाषा मराठी. थोरले गजानन माधव होळकर कॉलेजात शिकले आणि हिंदीतले मोठे कवी झाले. त्यांनी कथाही लिहिल्या. धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले. त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी 1954 साली आली, आणि नदीचं नाव तिने माळव्यातूनच उचललं. एका घरात दोन भाषा नांदल्या आणि दोन्हींत लेखक झाले. तिकडे धारवाडला जी. ए. कुलकर्णी वर्गात इंग्रजी शिकवत होते, रस्त्यावर कन्नड ऐकत होते आणि कथा मराठीत लिहीत होते. चहूबाजूंनी मराठीच ऐकू आली तरच मराठी कथा लिहिता येते, हे काही खरं नाही.

‘शुद्ध’ची भीतीही आपल्या कथेने कधीच ओलांडली आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (1960) माणसं वऱ्हाडी बोलतात. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ने (1965) मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा पुस्तकात आणली आणि केवढा गहजब झाला. दोन्ही पुस्तकं आज मराठीची ठेव आहेत. पण एक लक्षात ठेवा. या लेखकांनी ऐकलं ते सगळं जसंच्या तसं उतरवलं नाही, त्यांनी निवडलं. इंदुरी मराठी सरसकट ओतली तर वाचक दोन पानांत कंटाळेल, आणि सरसकट धुऊन काढली तर पात्रं पाहुणी होतील. कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, ही निवड म्हणजेच कारागिरी.

प्रत्यक्ष करून पाहू. समजा, रामबागेतलं जुनं घर आहे. सासूबाई गेल्या, दिवस झाले, आणि दोघी जावा भांडी वाटून घ्यायला बसल्यात. पितळी परात एकच आहे. पहिला खर्डा बहुतेकांचा असा होतो :

*परातीकडे पाहून मोठ्या जावेच्या मनात आठवणींचा कल्लोळ उठला. धाकटीला ती हवी आहे हे तिने ओळखले आणि ती दुखावली.*

इथे सगळं लेखकानेच सांगून टाकलं आहे, जावांना काही करायलाच उरलं नाही. दुसऱ्या खर्ड्यात त्यांना बोलू देऊ :

*“ही परात मला मिळाली तर बरं होईल,” धाकटी म्हणाली.*
*“अवश्य घे. तुझाच त्यावर अधिकार आहे,” मोठी म्हणाली.*

या झाल्या तुमच्या पाहुण्या. स्वयंपाकघरात बसून ‘त्यावर अधिकार आहे’ असं कोण म्हणतं? आता तिसरा :

*“वहिनी, परात मी नेऊ?”*
*मोठीने परातीचा काठ पदराने पुसला. पुसून झाल्यावर परत एकदा पुसला.*
*“ले जाइए,” ती म्हणाली. “आप ही रख लीजिए.”*

काय झालं पाहा. वीस वर्षं जिला ‘अगं’, ‘तू’ म्हटलं, तिला मोठीने एका क्षणात ‘आप’ केलं. इंदूरच्या मराठी घरात हिंदी ही दुकानदाराशी, शेजाऱ्यांशी, परक्याशी बोलायची भाषा. ती घरातल्या माणसाशी, तीही आदरार्थी, वापरली की दार लावल्याचा आवाज येतो. हे पुण्यातल्या कथाकाराला सुचणार नाही, कारण त्याच्या घरात हे दार नाही. तुमच्या घरात आहे. हिंदी कुठे येते याबरोबर *कधी* येते हेही पाहायला लागा : रागात, लाजेत, बढाईत, की काही लपवताना? ‘पाऊस येतोय’ हे वाक्य आजीच्या तोंडी ठेवायचं की नाही, हा प्रश्न मग व्याकरणाचा राहत नाही. आजीची ओळख त्यातून पटत असेल तर ठेवा, नाहीतर काढा.

आता तुमची दुसरी अडचण : दोन पानांनंतर कथा का थांबते? यासाठी पुन्हा गजानन माधवांकडे जाऊ. तुम्ही हिंदीत शिकलात, तेव्हा ‘एक साहित्यिक की डायरी’ तुम्हाला मुळातून वाचता येईल. त्यातल्या ‘तीसरा क्षण’ या लेखात ते केशव नावाच्या मित्राशी बोलता बोलता निर्मितीचे तीन क्षण सांगतात. पहिला, आयुष्यातला उत्कट अनुभव. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि एखाद्या कल्पनाचित्रासारखा डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसरा, ते चित्र शब्दांत उतरू लागतं तो. खरी मेख या तिसऱ्यात आहे, कारण लिहिता लिहिता ते चित्र बदलत जातं. शब्द नुसते हमाल नसतात, तेही कथेत हात घालतात.

परातीचंच घ्या. आपण वाटणीची गोष्ट लिहायला बसलो होतो. मोठीच्या तोंडून ‘आप’ आलं आणि ती नातं तुटण्याची गोष्ट झाली. म्हणजे आता सुरुवात बदलायला हवी. आधी कुठेतरी ती धाकटीला लाडाने ‘तू’ म्हणताना दिसली पाहिजे. भांड्यांची लांबलचक यादी गेली तरी चालेल. अर्धवट कथांचे लेखक नेमके इथे अडतात. ते पहिल्या क्षणाशी इमान राखतात, ‘घडलं तर असं होतं’ म्हणून हटून बसतात, आणि कथा निमूटपणे थांबते. अनुभवाशी इमान राखा, त्यातल्या घटनांशी नको.

सवयींबद्दल विचारलंत, तर मला उपयोगी पडलेल्या चारच सांगतो.

एक, ऐकण्याची वही. रोज एक वाक्य, कोण कुणाला म्हणालं त्यासकट. मी एकदा हिवाळ्यात रात्री साडेअकराला सराफ्यात उभा होतो. शेजारी विशीतला एक मुलगा हातात गराडूची प्लेट घेऊन फोनवर आईला सांगत होता, “जेवलो गं, मेसमध्ये वरण-भात होता.” वहीत एवढंच लिहिलं. या एका थापेत मुलगा आहे, आई आहे, दुसरं गाव आहे. ‘सराफा गजबजलेला होता’ असं पानभर लिहून यातलं काहीच हाती लागलं नसतं.

दोन, पाहण्याची सवय. दुर्गाबाई भागवतांचा जन्म 1910 साली इंदुरात झाला. त्यांनी कथा फारशी लिहिली नाही, पण ‘ऋतुचक्र’ वाचून पाहा. महिन्या-महिन्याला निसर्गाकडे इतक्या चिकाटीने कसं पाहायचं, हे त्यात दिसतं. आणि इंदूरच्या लोकांना विष्णू चिंचाळकर गुरुजी सांगायला नकोत. वाळकी काटकी, टाकाऊ तुकडे यांत त्यांना आकृती दिसे. ‘हे काय आहे’ यापाशी न थांबता ‘हे आणखी काय आहे’ असं विचारणं ही चित्रकाराइतकीच कथाकाराचीही सवय आहे. पदर अश्रू पुसायचा असतोच. तो परातीचा काठही पुसतो.

तीन, एकच कथा दोनदा वाचणं. पहिल्यांदा सुखासाठी, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पहिला संवाद कितव्या ओळीत आला? कथेत एकूण वेळ किती गेला, एक संध्याकाळ की दहा वर्षं? लेखकाने काय सांगितलंच नाही? शिंपी तयार झब्बा उसवून शिवण शिकतो, तसंच हे. वर्षाला पन्नास कथा वाचण्यापेक्षा दहा कथा अशा उसवल्यात तर जास्त हाती लागेल.

चार, मोठ्याने वाचणं. रोज किती लिहायचं याचा हट्ट धरू नका. नळाला पाणी यायच्या आधी अर्धा तास मिळत असेल तर अर्धा तास, पण वेळ ठरलेली हवी. खर्डा झाला की पंधरा दिवस कपाटात ठेवा, मग दार लावून मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे बहुधा वाक्य उसनं असतं.

दाखवायचं कुणाला, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. घरच्यांना नको, ते कथा सोडून त्यात स्वतःला शोधतील. मराठी कथेने चांगले संपादक पाहिले आहेत. ‘सत्यकथा’चे राम पटवर्धन लेखकाला कथेवर पुन्हा बसायला लावत. ते मासिक 1982 साली बंद पडलं. तसं कुणी आज भेटणं कठीण, पण दोन-चार लिहिणारे जमवून एकमेकांचं वाचणं अशक्य नाही. इंदूर काही मराठीला परकं गाव नाही. 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा इथे साहित्य संमेलन भरलं, आणि तिसऱ्या वेळी अध्यक्षपदी विजया राजाध्यक्ष होत्या, म्हणजे एक कथालेखिकाच. वाचणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायचा : “कुठे कंटाळा आला?” ‘आवडली का?’ असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात.

तुम्ही दोन अडचणी लिहिल्यात, मला ती एकच दिसते आहे. वहीतली कुठलीही एक अर्धवट कथा काढा आणि ती थांबली त्याच्या जरा वर पाहा. तिथे कुणीतरी पाहुण्यासारखं बोललेलं सापडेल. पाहुणे चहा घेतात, बरं बोलतात आणि निघून जातात; त्यांच्या हातून पुढे काही घडत नाही. ते वाक्य खोडा आणि तुमच्या घरात ते माणूस काय म्हणालं असतं ते लिहा, भले हिंदीत का होईना. तिसरं पान तिथून सुरू होईल.