अधू पालीचे नवे घर

पाल म्हटली की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. ती भिंतीवर दिसली की केरसुणी उगारली जाते. ती चुकचुकली की बोलणारा क्षणभर थबकतो. आणि अंगावर पडलीच तर त्याचे फळ काय, हे पंचांगात शोधले जाते. मनात संशय आला की शंकेची पाल चुकचुकली, असे आपण म्हणतो. अशा या प्राण्याला कोणी चिमट्याने घास भरवावा, दर आठवड्यास त्याचे वजन करावे आणि तो सावरला म्हणजे त्याच्यासाठी चांगले घर शोधावे, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. परंतु इंग्लंड, अमेरिका इत्यादी देशांत असे काम करणारी माणसे व संस्था आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या पालींमध्ये कोणी आंधळी असते, कोणाची हाडे वाकलेली असतात, तर कोणाला आपल्या शरीराचा तोलही सावरता येत नाही.

त्या देशांत जी पाल घरोघरी पाळली जाते, तिला इंग्रजीत लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्या पाल, असे म्हणतात. तिच्या पिवळसर अंगावर बिबट्याप्रमाणे काळे ठिपके असतात. ती मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान व त्यांच्या लगतच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लिथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. आपल्या घरातील पालीहून ती बरीच वेगळी आहे. तिच्या बोटांना भिंतीवर चिकटणाऱ्या गाद्या नसतात. म्हणून ती जमिनीवरच वावरते. तिला हलणाऱ्या पापण्या असतात आणि ती डोळे मिटून झोपू शकते. तिच्या जाड शेपटीत चरबी साठवलेली असते. अन्न मिळाले नाही तर त्या साठ्यावर ती काही काळ तग धरते. या पालीची एक बहीण गुजरातेत व महाराष्ट्रातही आढळते. तिला विषारी समजून लोक ठार मारतात. वास्तविक जगातील कोणतीही पाल विषारी नाही.

बिबट्या पाल शांत असते, जागा थोडी व्यापते आणि आवाजही फारसा करीत नाही. त्यामुळे ती सांभाळायला अगदी सोपी, असा पुष्कळांचा समज होतो. लहान मुलाच्या हट्टासाठी ती विकत आणली जाते. पण तिचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असू शकते. मूल मोठे होते, शिक्षणासाठी दूर जाते. पाल मात्र काचेच्या पेटीत तशीच राहते. मग कधी तिची आबाळ होते, तर कधी तिला पेटीसकट सोडून दिले जाते.

आबाळ नेहमी निर्दयपणामुळेच होते, असे नाही. अज्ञानही तितकाच घात करते. पालीच्या खाण्यात रातकिडे, अळ्या असे जिवंत किडे असावे लागतात आणि त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे. ते पुडीतून किंवा अतिनील किरण देणाऱ्या दिव्यापासून मिळते. ही साधी गोष्ट ठाऊक नसली, तर शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि बिचारी पाल पोटावर सरपटू लागते. दुसरी गोष्ट कातेची. पाल कात टाकते आणि पुष्कळदा ती खाऊनही टाकते. पेटीत ओलसर कोपरा नसेल, तर बोटांभोवती कातेची कडी राहून जाते. ती वाळून दोऱ्यासारखी आवळते, रक्त पोहोचत नाही आणि बोट झडून जाते. डोळ्यांवर कात राहिली, तर दृष्टीलाही धोका पोहोचतो.

काही पालींचे दुःख मात्र त्यांच्या जन्माबरोबरच येते आणि त्यामागे माणसाची हौस असते. नवनव्या रंगांच्या पाली निपजाव्यात म्हणून पैदास करणारे लोक ठराविक नर-मादींच्या जोड्या जमवितात. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘एनिग्मा’ नावाचा एक सुंदर प्रकार असाच निपजला. एनिग्मा म्हणजे कोडे. या पालींच्या अंगावरची नक्षी मोहक होती. पण त्यांच्यापैकी अनेकींना तोल सावरता येईना. मान एका बाजूला कलते, पाल एकाच जागी गोल गोल फिरते, आणि समोरच्या किड्यावर झडप घातली तरी नेम चुकतो. हा दोष आईबापांपैकी एकाकडून जरी आला, तरी पिलात उतरू शकतो. पुढे ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा पिवळा-पांढरा, चकाकणारा प्रकार निघाला. त्याला भारी किंमत येई. परंतु लवकरच या पालींच्या अंगावर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लाँगहुआ ग्वो, लिओनिड क्रुगल्याक व त्यांचे सहकारी यांनी याचा शोध घेतला. २०२१ साली त्यांनी दाखवून दिले की, ज्या आनुवंशिक बदलाने हा रंग येतो, त्याच्याशीच त्वचेतील गाठीही जोडलेल्या आहेत. आणि अशा पालींपैकी शंभरात ऐंशीहून अधिक पालींना त्या होतात. म्हणजे रंग आणि रोग यांची फारकत करता येत नव्हती. ज्या शोभेसाठी पैसे मोजले, तिच्याच पोटी व्याधी होती!

अशा पालींना आसरा देणाऱ्या संस्थांचे काम जिकिरीचे असते. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी लंडनमध्ये १८२४ साली स्थापन झालेली संस्था सरपटणाऱ्या प्राण्यांनाही आश्रय देते. केंट परगण्यात हॅडलो कॉलेजच्या आवारात २०१८ साली केवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी एक केंद्र सुरू झाले. शिवाय, आपल्या घरातील एखाद्या खोलीतच पालींचा दवाखाना थाटणारी साधी माणसेही पुष्कळ आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये २००६ सालच्या प्राणिकल्याण कायद्याने पाळीव प्राण्याच्या पाच गरजा मान्य केल्या आहेत: योग्य निवारा, योग्य आहार, स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, गरजेनुसार सोबत किंवा एकांत, आणि वेदना व रोग यांपासून रक्षण. पाल हाही पाठीचा कणा असलेला प्राणी असल्यामुळे या कायद्यात तिचाही समावेश होतो.

नवी पाल आली की तिला प्रथम इतर पालींपासून दूर, स्वतंत्र पेटीत ठेवतात. तिच्या पोटात संसर्गजन्य जंतू असण्याचा संभव असतो. म्हणून पशुवैद्याकडून विष्ठेची तपासणी करून घेतात आणि काही आठवडे तिच्यावर लक्ष ठेवतात. तिला हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुतात. पेटीचे एक टोक सुमारे ३२ अंश सेल्सिअस इतके उबदार व दुसरे त्याहून सात-आठ अंशांनी थंड ठेवतात. पालीला स्वतःच्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करता येत नाही. ऊब मिळाली नाही, तर खाल्लेले अन्नही तिला पचत नाही. दर आठवड्यास तिचे वजन वहीत टिपून ठेवतात. पूर्ण वाढलेली पाल उण्यापुऱ्या साठ-सत्तर ग्रॅमांची. तिथे चार-पाच ग्रॅमांची घटही धोक्याची सूचना असते. पाल आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. ते त्या वहीत वाचावे लागते.

यापुढची शुश्रूषा प्रत्येकीची निराळी असते. आंधळ्या पालीच्या पेटीतील दगड, पाण्याची उथळ ताटली आणि लपण्याची जागा कधीही हलवीत नाहीत. कारण जिभेने वास घेत व चाचपत ती आपल्या घराचा नकाशा मनात पक्का करते. तिला चिमट्याने घास देतात. तो ओठांना लागला की प्रथम ती दचकते. पण काही दिवसांनी चिमट्याची चाहूल लागताच मान उंचावते. तोल जाणाऱ्या पालीच्या पेटीत चढण्यासारखे उंच काहीही ठेवीत नाहीत. गडबड, प्रखर उजेड आणि वारंवार हाताळणे यांनी तिचे भोवंडणे वाढते. म्हणून तिला निवांत ठेवतात. वाकलेल्या हाडांची पाल उचलताना संपूर्ण तळहाताचा आधार देतात आणि तिला मऊ अळ्या भरवितात. औषधोपचाराने तिची हाडे घट्ट होतात. परंतु एकदा वाकलेला पाय सहसा सरळ होत नाही. तुटलेले शेपूट पुन्हा येते; पण तेही मूळच्यासारखे नसते. त्यात मणक्यांऐवजी कूर्चा असते.

या कामात एक प्रसंग फार कठीण येतो. पाल खात नाही, वजन घटतच जाते, वेदना थांबत नाहीत आणि उपचारांचे सर्व मार्ग खुंटतात. अशा वेळी पशुवैद्याच्या हातून तिला वेदनारहित मरण देणे हीच दया ठरते. तो निर्णय घेताना सांभाळणाऱ्याचा कंठ दाटून येतो. तरी स्वतःच्या मायेपेक्षा पालीच्या सुखदुःखाचा विचार त्याला आधी करावा लागतो. उलट, एखादी पाल डोळ्यांनी अधू असली, पायांनी लंगडी असली, तरी ती नीट खाते, उबेला येऊन विसावते, संध्याकाळी बाहेर डोकावते. मग ती कुरूप दिसते एवढ्यासाठी तिचे जगणे नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे?

पाल सावरली म्हणजे तिच्यासाठी नवे घर पाहतात. मुलीचे स्थळ पाहताना वडीलधारी माणसे करतात, तितकीच चौकशी येथे होते. घरात पेटी तयार आहे काय? सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास आहे काय? सुट्टीत गावाला गेल्यावर तिला कोण भरवील? आणि संस्थाही पालीचा कोणताही दोष झाकून ठेवीत नाही. ‘ही कधीच स्वतः शिकार करणार नाही, हिला जन्मभर भरवावे लागेल,’ असे ती आधीच सांगते. जन्मजात दोष असलेल्या पालीपासून पिले घ्यायची नाहीत, हे वचनही ती घेते. पाल वाचविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिचे दुखणे पुढच्या पिढीत जाऊ न देणे महत्त्वाचे.

आपल्या भिंतीवरच्या पालीला पकडून पेटीत ठेवण्याची गरज नाही. ती स्वतंत्र आहे आणि घरातील किडे खाऊन ती आपल्यावर उपकारच करते. तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, एवढे पुरे. परंतु एकदा का माणसाने एखाद्या जिवाला त्याच्या रानातून दूर नेऊन काचेच्या भिंतींत ठेवले, की त्याची ऊब, त्याचे पाणी आणि त्याचा घास हे सर्व माणसाच्या हाती येते. गोजिरवाण्या सशावर किंवा मोत्या कुत्र्यावर कोणीही प्रेम करील. जिला पाहून लोक तोंड फिरवितात, जी शेपूट हलवून आभार मानीत नाही, त्या पालीसाठी रोज वेळेवर चिमटा हाती धरणे याला नुसता कळवळा पुरत नाही. त्याला ज्ञान लागते, नेम लागतो आणि वर्षानुवर्षे टिकणारी चिकाटी लागते.

शब्दार्थ

अधू – शरीराने दुबळा, व्यंग असलेला. आबाळ – हेळसांड. फारकत – वेगळे होणे. जिकिरीचे – कष्टाचे, त्रासाचे. कूर्चा – हाडापेक्षा मऊ व लवचीक असा शरीराचा भाग. नेम – (येथे) नियमितपणा.

स्वाध्याय

१. बिबट्या पाल व आपल्या घरातील पाल यांत कोणते फरक आहेत?
२. ‘अज्ञानही तितकाच घात करते.’ हे विधान पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. लेमन फ्रॉस्ट पालींविषयी २०२१ साली काय सिद्ध झाले?
४. कारणे द्या : (अ) आंधळ्या पालीच्या पेटीतील वस्तू हलवीत नाहीत. (आ) पालीचे वजन दर आठवड्यास टिपून ठेवतात.
५. पाठात ‘नेम’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी आला आहे. ती वाक्ये शोधून दोन्ही अर्थ सांगा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कपाळाला आठ्या पडणे, तग धरणे, कंठ दाटून येणे.
७. एखादा प्राणी पाळण्यापूर्वी स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत, यावर दहा ओळी लिहा.