पणजोबांचे नाव

तुमच्या पणजोबांचे नाव काय? पुष्कळांना सांगता येत नाही. पण वारस लावताना, मुलाचा जातीचा दाखला काढताना जुना कागद लागतो. मग धावाधाव होते.

आपले तेरखेडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चाले. म्हणून जुने कागद उर्दूत असतात, काही मोडीत. त्यांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवा. १३४० फसली म्हणजे १९३० च्या सुमाराचे साल.

आधी घरी विचारा. आजी म्हणेल, "तुझा पणजा माझ्या लग्नाआधीच वारला, बाबा." एवढ्यावरूनही साल बांधता येते. नाव, गाव, शेत, सगळे लिहून घ्या.

मग गावच्या शाळेत जा. जुने प्रवेश रजिस्टर पाहा. पुढे तलाठी आणि वाशीची तहसील. जुन्या कागदांत जिल्हा उस्मानाबाद असेल, हे ध्यानात ठेवा.

तिथे काम भागले नाही, तरच लांब जा. छत्रपती संभाजीनगरला सरकारी पुराभिलेख कार्यालय आहे. निजामाच्या राज्याचे पुष्कळ दप्तर हैदराबादेत, तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे.

निघण्यापूर्वी वेळ आणि सुट्टी विचारा. ओळखपत्र, अर्ज आणि शिसपेन्सिल घ्या. उर्दू वाचणारा माणूस सोबत असू द्या. जुन्या कागदावर खूण करू नका. कागद सापडला, की शिक्क्याची नक्कल मागा.

कागद कपाटात थांबतो. म्हातारे माणूस थांबत नाही. आता तुम्हाला लिहिता येते. आजच आजीजवळ बसा आणि चार नावे वहीत उतरवा.